पडवीतली निळी सायकल

काश्या, तुझ्या तेराव्याला मी पंगतीत बसलो होतो. पानात बुंदीचे लाडू पडत होते, तुझी आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती, आणि मी सगळा वेळ पडवीतल्या तुझ्या सायकलीकडे बघत होतो. लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीत हरवलाय. एक-दोघांनी येऊन पाठीवर हातही ठेवला. मी ठेवू दिला. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आता ही निळी कुणाकडे जाणार.

काल पुन्हा तुझ्या घरी, बाळकुमला जाऊन आलो. तिथे जे बघितलं त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून हे तुला सांगायला घेतलंय. ते शेवटी सांगतो. आधी माझ्या पोटात इतकी वर्षं तुझ्याबद्दल काय होतं ते ऐकून घे. जिवंतपणी तू ऐकलं नसतंस, हसण्यावारी नेलं असतंस.

मी तुझ्यावर जळायचो. असूया, मत्सर, स्पर्धा असले चांगले शब्द शोधून बघितले, पण डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगीत जिन्यावर उभं राहून बायका ज्याला जळणं म्हणतात ना, तेच ते होतं. तुझ्या उंचीवर जळायचो, तुझ्या पायांवर जळायचो. तू घाम पुसता पुसता कुणाशीही हसून बोलायचास, त्यावरही जळायचो. पण निळी आल्यापासून बाकीचं सगळं मागे पडलं.

आपली ओळख झाली तेव्हा दोघांकडे सारख्याच सायकली होत्या, काळ्या आणि जड. मी रविवारी पहाटे डोंबिवलीहून निघून शिळफाटा, मुंब्रा, कळवा करत ठाण्याच्या तलावापाशी यायचो. तू बाळकुमहून माझ्या आधी येऊन कट्ट्यावर बसलेला असायचास. आपण सात-आठ वेडे जमून आग्रा रोडने पडघ्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. त्या सारख्या सायकलींवर मी तुला दोनदा हरवलं होतं. एकदा कशेळीच्या पुलावर, एकदा पडघ्याच्या अलीकडच्या चढावर. तू विसरला असशील. मी ते दोन रविवार अजून जपून ठेवलेत.

मग तुझं लग्न ठरलं आणि बोटीवर काम करणारा तुझा मामा सुट्टीवर आला. तुझ्या हळदीच्या दिवशी त्याने आहेर म्हणून एक गोणपाटाचा गठ्ठा मांडवात आणून ठेवला. मी बरोबर समोर बसलो होतो. गोणपाट सुटलं आणि आतून ती निघाली. आभाळी निळ्या रंगाची, बारीक नळ्यांची, खाली वळलेल्या हँडलची. मामाने कुठल्याशा बंदरावर एका खलाशाकडून घेतलेली. एका बोटाने उचलता येत होती. तुझ्या आत्याने पुढे होऊन तिच्या दांड्यावर हळदीची पाच बोटं ओढली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "नवरी येयाच्या आधीच सवत आली गो घरान!" बायका हसून हसून लोटपोट झाल्या. मी आहेराला भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. ते कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही.

हळद अंगाला तशीच असताना तू मला म्हणालास, "शिऱ्या, बस की रं. एक फेरी मारून ये."

मी म्हणालो, "नको. नवीन आहे, तूच बस."

त्यानंतर तू मला किती वेळा बस म्हणालास याला हिशोब नाही, आणि दरवेळी मी नको म्हणालो. एकदा बसलो असतो तर ती तुझी आहे हे माझ्या अंगाला कळलं असतं. न बसता मला ती निदान मनात माझी म्हणता येत होती. हे कुणाला सांगण्यासारखं कारण नव्हतं, म्हणून मी दरवेळी गुडघ्याचं दुखणं पुढे करायचो.

त्या हिवाळ्यात ठाण्याच्या एका मंडळाने सायकलींची शर्यत ठेवली आणि तू पहिला आलास. मी पाचवा. मी सगळ्यांना सांगत फिरलो की हे सगळं सायकलीचं आहे, सारख्या सायकली देऊन बघा म्हणजे कळेल. तुझ्या कानावर ते गेलं. मला वाटलं तू भांडशील, आणि मी भांडणाची तयारीही ठेवली होती. पण तू चारचौघांत म्हणालास, "शिऱ्या बराबर बोलतंय. सायकलच पलते, मी नुसता वरती बसतंय." माझं भांडण माझ्या हातात तसंच राहिलं. असं तू नेहमी करायचास, आणि मला ते कधी आवडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तू माझ्या कारखान्यावर आलास. मानपाड्याच्या त्या छोट्या शेडमध्ये मी लेथवर असायचो, तुला तिथला तेलाचा वास आवडायचा. पावसाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवर निळी काढायची सोय नव्हती. मामाने तुला सांगितलं होतं की तिकडे बर्फ पडला की लोक सायकल घरातच एका स्टँडवर अडकवतात आणि जागच्या जागी चालवतात. तू सिगारेटच्या पाकिटाच्या मागे मामाने काढलेलं चित्र आणलं होतंस. मागचं चाक एका ड्रमवर टेकायचं आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी जबड्यांनी फ्रेमच्या मागच्या नळ्या धरून ठेवायच्या, म्हणजे सायकल हलत नाही.

"जमंल?" तू विचारलंस.

जमणार नाही असं काही तेव्हा माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या वेळात पंधरा दिवस खपून मी स्टँड केला. पाइपाचा ड्रम लेथवर असा घासला की त्यात तोंड दिसावं. बेअरिंगं बसवली. आणि माझा स्वभाव तुला माहीत होता. आमच्या घरच्या स्टुलाच्या चारही पायांना मी रबराच्या टोप्या बसवल्या होत्या, फरशीला ओरखडा नको म्हणून. त्यावरून तू मला वर्षभर छळलं होतंस. आमच्याकडे आलास की आधी स्टूल उलटं करून टोप्या मोजायचास आणि आईला सांगायचास, "काकू, चारी हायत, एक पन पडली नाय."

त्या जबड्यांना मी रबर लावलं नाही.

नुसतं लोखंड ठेवलं, खरबरीत. टेम्पोत घालून स्टँड बाळकुमला आणला, पडवीत ठेवला. तू दोन्ही सायकली बाहेर काढल्यास, जुनी काळी आणि निळी. माझ्याकडे बघून म्हणालास, "आता तू सांग, कंची लावू? मना त्यातलं काय कलतंय?"

मी एक क्षणही घेतला नाही. म्हणालो, "चांगलीच लाव. शर्यतीत जिच्यावर बसायचं तिचीच अंगाला सवय हवी. काळीवर घाम गाळून काय उपयोग?"

ऐकायला ते पटण्यासारखंच होतं, म्हणून तर बोललो. पण मी लोखंडात काम करणारा माणूस आहे. तसल्या बारीक नळीला नुसत्या जबड्याने दाबून रोज तासभर वर जोर मारला, तर रंग आधी जातो आणि मग नळी चिरते, हे मला कळत होतं. घरात वारा लागत नाही, घाम सगळा फ्रेमवर ठिबकतो आणि सांध्यांत शिरून आतून गंज चढवतो, हेही कळत होतं. रिमला गोंदाने चिकटवायचं ते बारीक टायर ड्रमवर झिजून जाईल आणि तसलं दुसरं इथे कुठे मिळणार नाही, तेही कळत होतं. मला तुझं वाईट व्हायला नको होतं, काश्या. मला निळीचं वाईट व्हायला हवं होतं. तेव्हा मला त्यात मोठा फरक वाटत होता.

तू निळी लावलीस. मी स्वतःच्या हाताने जबडे कसले आणि चहा पिऊन डोंबिवलीला परतलो.

मग सुरू झाला तो आवाज. रोज संध्याकाळी कामावरून आलास की तू चढायचास आणि भाताच्या गिरणीसारखी घरघर वाडीभर ऐकू जायची. तुझी आई समोर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसायची. पहिल्या दिवशी तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पन ही जाते तरी खयं?"

"खयंच नाय, आय."

"मंग घाम कनाला?"

तू हसत सुटलास, मीही हसलो. पण महिन्याभरात त्या म्हातारीला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की तू उशीर केलास तर ती सोडे बाजूला सारून दाराकडे बघत बसायची.

आणि तू उतरलास की एक काम करायचास, ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं तोंड कडू झालं. आत जाऊन गोड्या पाण्याचा तांब्या आणायचास, फडकं भिजवून निळीचा एकेक सांधा पुसायचास, मग कोरडं फडकं, मग बोटावर खोबरेल घेऊन नळ्यांवरून फिरवायचास. तेव्हा तुमच्या वाडीत नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं, सुनंदावहिनी हंड्यांवर नजर ठेवून असायच्या. तरी निळीचा तांब्या चुकला नाही. मी म्हणालो, "एवढं कशाला करतोस?" तू म्हणालास, "खाडीवरच्या मानसाला मीठ काय करते ते शिकवायला लागतं काय रं? होडीचा नांगर पन आमी गोऱ्या पान्यानच धुतंव." मी विसरलोच होतो. तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड आणि खारं पाणी यांचं भांडण सोडवण्यात गेल्या होत्या, आणि मी तिथे घामाच्या भरवशावर बसलो होतो.

टायरचं मात्र माझ्या मनासारखं झालं. दुसऱ्या हिवाळ्यात शर्यतीच्या दोन दिवस आधी निळीचं मागचं टायर फुटलं. ड्रमवर घासून घासून ते कागदासारखं झालं होतं. तू निरोप पाठवलास, मी तातडीने आलो, टायर हातात धरून तोंड पाडून उभा राहिलो. आत मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. मुंब्र्याच्या उतारावर त्या दिवशी मी सायकलीवर शीळ घालत आलो.

तू शर्यतीत काळीवर उतरलास. आता सायकली सारख्या होत्या, जे मी वर्षभर मागत होतो ते मला मिळालं होतं. आणि तू माझ्या चांगला पाच मिनिटं आधी पोचलास. मी पोचलो तेव्हा तू रस्त्याकडेला बसून केळं सोलत होतास. अर्धं मला दिलंस आणि म्हणालास, "वारा मागना होता रं."

"माझ्याही मागूनच होता," मी म्हणालो.

तू उरलेलं अर्धं तोंडात टाकलंस. आपला तो वाद तिथेच राहिला, पुढे कधी कुणी काढला नाही. मामाने पुढच्या खेपेला टायर आणलं, तू ते लावलंस आणि निळी पुन्हा माझ्याच स्टँडवर चढवलीस. माझा सल्ला एकदा अंगाशी येऊनसुद्धा तू बदलला नाहीस. मी मनात म्हणालो, काय भोळा माणूस आहे.

त्यानंतर बाळकुमला बिल्डिंगी यायला लागल्या, शेतांत खांब उभे राहिले. शर्यती कमी झाल्या, आपली पोटं सुटली. मी लेथवरून सुपरवायझर झालो. पण संध्याकाळची तुझी घरघर चालू राहिली. तुझ्याकडे आलो की मी फ्रेमवर चीर शोधायचो, गंज शोधायचो. जबड्यांच्या आसपास रंग उडालेला दिसतो का, ते लांबून बघायचो. जवळ जाऊन बघायचं धाडस झालं नाही. चीर दिसली असती तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

दवाखान्यात तुला शेवटचं बघितलं तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी उसाचा रस आणला होता, तो तू दोन घोट घेतलास. म्हणालास, "स्टँड हलाय लागलाय रं. येऊन आवलून दे." मी म्हणालो, बरा हो, मग येतो. तू डोळे मिटूनच म्हणालास, "निलीवर बस एकदा." कावीळ माणसाला असं तीन आठवड्यांत नेते हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हाही म्हणालो, "बघू रे." गुडघ्याचं दुखणं तेवढं पुढे केलं नाही, एवढंच.

तर काल.

परवा कारखान्यावर सुनंदावहिनींचा फोन आला. "श्रीधरभावजी, स्टँड आवळून द्याल का? खूप हलतंय." मला कळेना, चालवणारा कोण उरलाय. गेलो तर त्या म्हणाल्या, मीच चालवते. तुझ्या आईला म्हणे संध्याकाळ झाली की घर खायला उठतं, आवाज नाही म्हणून ती जेवत नव्हती. म्हणून वहिनी साडीचा काचा मारून रोज पंधरा मिनिटं बसतात आणि म्हातारी तेवढ्यात चार घास खाते. बघ, तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिली काय गोष्ट आली असेल? की आता या बसायला लागल्या.

पाना घेऊन खाली बसलो आणि सात वर्षांत पहिल्यांदा जबडे सैल केले.

आत रबर होतं. सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, चार-चार घड्या घातलेल्या, जबड्याच्या आतून बरोबर मापाने बसवलेल्या आणि जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेल्या, तुमच्याकडच्या न सुटणाऱ्या गाठीने. मी ते बाजूला केलं. बाकीची निळी उन्हावाऱ्याने फिकी पडलीय, पण मी जिथे तिला चिरायला बसवलं होतं तिथला रंग मांडवात गोणपाट सुटलं तेव्हा होता तसाच आहे. मी बोट फिरवून बघितलं. एक ओरखडा नव्हता.

"हे कधी लावलं त्याने?" मी विचारलं.

"ते व्हय? तुमी स्टँड आणलात ना, त्याच दिवशी. तुमची पाठ वळली नि हे ट्यूब कापायला बसले. मी म्हटलं, त्यांनी लावलं नाय का? तर म्हणाले, शिऱ्या घाईघाईत विसरला, त्याला बोलू नको, त्याला लाज वाटंल."

विसरला. काश्या, तू माझ्या स्टुलाच्या टोप्या मोजल्या होत्यास. मी रबर विसरत नाही, हे माझ्या आईच्या खालोखाल तुला माहीत होतं. म्हणजे त्या संध्याकाळी, मी अजून कळव्यालासुद्धा पोचलो नसेन, तेव्हाच तुला सगळं कळलं होतं. तरी तू निळी माझ्या स्टँडवरून उतरवली नाहीस. मला कळू दिलं नाहीस. त्यानंतरची सात वर्षं मला चहा पाजलास, केळं अर्धं दिलंस. मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता. भांडला असतास तर मी माफी तरी मागितली असती. आता ती कुणाकडे मागू? शर्यतीत हरवलंस ते एक वेळ ठीक होतं रे, पण इथे तरी मला वाईट असण्यात पहिला येऊ द्यायचंस.

वहिनी आत गेल्या तेव्हा मी थोडा रडलो. मग डोळे पुसले. ट्यूबच्या पट्ट्या जुन्या होऊन चिरल्या होत्या, म्हणून स्टँड हलत होता. माझ्या पिशवीत रबराचा तुकडा नेहमी असतो. तो कापला, घड्या घातल्या, जबड्यात बसवला. तुझी ती गाठ मला जमली नाही, मी आपली साधी मारली. जबडे कसले.

वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "बसून बघा ना भावजी, घट्ट झालंय का."

आणि मी बसलो. सीट मला दोन बोटं उंच होती, पाय खाली जाताना टाच पेडलवरून सुटत होती. ड्रम फिरायला लागला, पडवीत ती घरघर भरली. आत ताटलीचा आवाज थांबला. तुझी आई आतूनच म्हणाली, "आज कोन बसलाय गो?"

"श्रीधरभावजी हायत, आय."

म्हातारी जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "हलू चालतंय. काश्या जोरान मारायचा."

मी हँडल घट्ट धरलं, मान खाली घातली आणि जोर लावला.